निरर्थक शब्दांचा स्मरणप्रयोग: आधी यादी तपासा

'अर्थपूर्ण आणि निरर्थक शब्दांचे स्मरण' हे मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक सोपं वाटतं. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ते यादी करतानाच फसू शकतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली मांडलेल्या प्रयोगांत स्वतःसाठी निरर्थक पदं रचली, ती पूर्वीच्या ओळखीचा फायदा मिळू नये म्हणून. आपल्याकडे मात्र मराठीत निरर्थक असलेला शब्द कन्नडमध्ये रोजच्या वापरातला निघतो. 'हुली' म्हणजे वाघ, 'बेळे' म्हणजे डाळ. बाजारात कन्नड कानावर पडणाऱ्या मुलाला हे पाठ करावेच लागत नाहीत. म्हणून झ, ठ, घ, फ अशी महाप्राण (ह मिसळल्यासारखा उच्चार असलेली) अक्षरं वापरा. अस्सल कन्नड शब्दांत ती क्वचितच येतात. उदाहरणार्थ झेढ, ठिफू, घोथ. तरीही पूर्ण यादी एका कन्नडभाषक मित्राला मोठ्याने वाचून दाखवा आणि इंग्रजीही पडताळा.

दोन्ही याद्यांत १०-१० शब्द, सगळे दोनअक्षरी, जोडाक्षर नको. अर्थपूर्ण यादीत चूल, तवा, पोळी असे एकाच घरातले शब्द घालू नका. एक आठवला की बाकीचे मागोमाग येतात. दार, साप, मीठ, वाट चालतील.

एका कार्डावर एक शब्द, दर कार्डाला २ सेकंद. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं अ‍ॅप) मिनिटाला ३० ठोक्यांवर लावा, हाताचा वेग बदलत नाही. शेवटचं कार्ड झालं की लगेच १०० पासून तीन-तीन वजा करत ३० सेकंद उलटं मोजायला लावा, नाहीतर शेवटचे दोन-तीन शब्द तोंडातच असतात. मग २ मिनिटं, हव्या त्या क्रमाने लिहू द्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक धरायची की नाही, हे आधीच ठरवा.

१० प्रयुक्त (ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते) असतील तर ५ जणांना अर्थपूर्ण यादी आधी, ५ जणांना नंतर द्या. नाहीतर फरक अर्थाचा की थकव्याचा, सांगता येणार नाही. अर्थपूर्ण यादीत बहुतेकांना १० पैकी १० पडले, तर यादीच तोकडी आहे. दोन्ही १५ शब्दांच्या करा.

शेवटी 'कसं लक्षात ठेवलंस?' हे विचाराच. एखाद्या निरर्थक शब्दाला कुणी अर्थ लावला असेल, तर त्याची नोंद आत्मनिरीक्षण अहवालात (प्रयुक्ताने स्वतःच्या अनुभवाबद्दल सांगितलेलं लिहितात तिथे) करा. गुण मात्र परस्पर बदलू नका.