गच्चीवर किंवा वाडीत गावठी कोंबडे वाढवायचे तर: पिल्लापासून रश्श्यापर्यंत

आधी एक गोष्ट क्लिअर करू. फ्लॅटच्या बाल्कनीत हे होत नाही, करू पण नका. गोराई, मनोरी, उत्तन, वसईकडे ज्यांची वाडी आहे, गावठाणात स्वतःचं बैठं घर आहे, नाहीतर बदलापूर-नेरळला थोडी जागा घेऊन ठेवलीय त्यांच्यासाठी हे आहे. स्वतःच्या घराची गच्ची असेल तरी जमतं, पण वॉर्ड ऑफिसला पक्षी पाळण्याचा नियम काय ते विचारून घ्या आणि शेजाऱ्यांशी आधीच बोला, कारण मुंबईत कोंबडीपालनातला खरा प्रश्न जागेचा नसून आरवण्याचा आहे. चार महिन्यांच्या आसपास नर पहाटे चारला सुरू होतात. म्हणजे शेजारी भांडायला येतात आणि कोंबडा कापण्याजोगा होतो, हे साधारण एकाच वेळी घडतं. सगळं प्लॅनिंग त्या तारखेपासून उलटं करायचं.

मटणासाठी वाढवायचं तर कुठली जात घ्यायची? आपल्याला हवी दुहेरी उपयोगाची, म्हणजे मादी अंड्यांना ठेवायची आणि नर खायचे. ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या जुन्या बाहेरच्या जाती, एक अमेरिकेची एक ऑस्ट्रेलियाची, अंगाने भरतात आणि अंडीही चांगली देतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन निदेशालयाने काढलेली वनराजा आणि बंगलोरची गिरिराजा या तशा जुन्या जाती नाहीत, संकरित आहेत, पण वजन पटकन धरतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याला सोप्या जातात. कडकनाथच्या मागे लगेच लागू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून भाव आणि हवा दोन्ही वाढलेत, पण पक्षी अंगाने लहान, वजन हळू, पहिल्या बॅचला हिशोब बसत नाही.

पिल्लं कुठून? मुंबईतच आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे कुठली पिल्लं कधी मिळतील ते आधी फोन करून विचारा, आयत्या वेळी जाऊन हात हलवत परत येऊ नका. रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ती अजिबात नाही, ती बहुतेक अंड्याच्या कोंबडीची टाकून दिलेली नर पिल्लं असतात, खाऊन खाऊन हाडंच राहतात. वीस-पंचवीस पिल्लं पुरे. त्यात अर्धे नर निघतील असं धरा, पाच-सहा आठवड्यांनी तुरा लाल व्हायला लागला की कळतं कोण कोण आहे. घेताना मरेक्सची (पाय लुळे पाडणारा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) लस दिलीय का तेवढं नक्की विचारायचं, ती हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात, नंतर देऊन उपयोग नाही.

कधी सुरू करायचं, तर माझं मत दिवाळीनंतर. पावसाळा संपलेला, हवा कोरडी, आणि शिमग्याच्या आसपास नर तयार. गटारीसाठी हवे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं आणावी लागतात आणि शेवटचे दीड-दोन महिने पावसात काढावे लागतात, ते जमतं पण खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं ठेवता ठेवता जीव जातो.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी ब्रूडर, म्हणजे पिल्लांची उबेची जागा, लावून गरम करून ठेवा. पुठ्ठा किंवा पत्रा गोल उभा केला की चिकगार्ड झाला, खाली भाताचं तूस दोन-तीन इंच, त्यावर पहिले दोन-तीन दिवस पेपर. वर बल्ब, पण एलईडी नाही, त्याने उजेड पडतो, ऊब नाही, जुना पिवळा तारेचा बल्बच शोधावा लागतो. पिल्लामागे साधारण दोन वॅट धरा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लांकडे बघा: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, बल्बपासून लांब चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत फिरतायत म्हणजे बरोबर. आल्या आल्या खाणं नाही, आधी पाणी, त्यात थोडा गूळ. एकेकाची चोच हलकेच पाण्यात बुडवून दाखवायची. दोन तासांनी पेपरवर मक्याचा बारीक भरडा आणि मग स्टार्टर खाद्य, दुकानदाराला २० टक्के प्रोटीनच्या आसपासचं सांगा.

लसीकरणात लोक कंटाळा करतात आणि मग महिन्याच्या आत सगळी मान वाकडी करून मरतात. रानीखेत (म्हणजे मानमोडी) रोगाची लासोटा ही लस सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची चौदाव्या दिवशी, लासोटाचा बूस्टर अठ्ठाविसाव्या दिवशी, पुढे सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि त्यानंतर रानीखेतचीच आर-टू-बी ही लस टोचायची. अडचण अशी की बाटली शंभर किंवा जास्त डोसची येते आणि तुमच्याकडे पक्षी वीस, तर जवळपास अजून कोणी पाळत असेल तर एकाच दिवशी लस द्या. लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली फेकायची, फ्रीजमध्ये परत ठेवायची नाही.

सहा आठवड्यांनंतर पिल्लं मोठ्या खुराड्यात. पक्ष्यामागे दोन चौरस फूट आत आणि शक्य तेवढी बाहेर फिरायला जागा. जाळी बारीक आणि जाड तारेची घ्या, कारण वसईकडे मुंगूस दिवसा येतं आणि शहरात घूस रात्री, घूस तर खालून उकरते, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडायची. वरून पण जाळी, मांजरासाठी आहेच पण कावळ्यांसाठीही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून जंगली पक्षी आणि आपली कोंबडी एका भांड्यात पाणी पिणार नाहीत एवढं बघायचं.

तूस कोरडं, हा एक नियम पाळला तर निम्मे आजार येत नाहीत. हातात मूठभर घेऊन दाबा, गोळा झाला तर ओलं आहे, चुना टाकून उलथापालथ करा किंवा बदला. अमोनियाचा वास तुमच्या नाकाला लागला म्हणजे पक्ष्यांना केव्हाच लागलाय. विष्ठेत रक्त दिसलं तर तो कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग), ओल्या तुसामुळे, थांबू नका, जनावरांच्या डॉक्टरला विचारून औषध द्या आणि किती दिवसांनी मांस खायला चालतं ते पाकिटावर वाचा.

खाण्याचं म्हणाल तर आठव्या आठवड्यापासून ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, त्यासोबत कोथिंबिरीचे देठ, पालेभाजीची पानं, शिळा भात थोडा, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) जमत असेल तर छानच. खारट, कांदा, कच्चा बटाटा नाही. आणि हिशोब लक्षात ठेवा: ब्रॉयलर चाळीस दिवसांत साधारण साडेतीन किलो खाऊन दोन किलोचा होतो, हा मात्र साडेचार महिन्यांत सहा-सात किलो खाद्य संपवून दीड-दोन किलोचा, त्यामुळे स्वस्त चिकन मिळेल म्हणून कोणी करत असेल तर सोडून द्या.

आरवायला लागल्यावर फार ताणू नका, पाच महिन्यांच्या पुढे मांस चिवट व्हायला लागतं. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी चालू. स्वतःला जमत नसेल तर जाणत्या माणसाला बोलवा, अर्धवट हाताने करणं पक्ष्यावर अन्याय आहे. जमत असेल तर प्लॅस्टिकच्या कॅनचा तळ आणि तोंड कापून शंकू करा, त्यात पक्षी डोकं खाली करून ठेवला की फडफड कमी होते, सुरी अतिशय धारदार, रक्त पूर्ण निथळू द्या. पिसं काढायला पाणी ६०-६५ अंश, मिनिटभर बुडवायचं. उकळत्या पाण्यात टाकलं की कातडी पिसांबरोबर निघते. पोट उघडताना काळजाला (यकृताला) चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. काळजावर पांढरे ठिपके दिसले तर तो पक्षी खाऊ नका.

आता सगळे चुकतात ती जागा: लगेच शिजवू नका. कापल्यावर अंग ताठतं, ते सैल व्हायला वेळ लागतो, तर एक रात्र फ्रीजमध्ये झाकून ठेवा. मग आलं-लसूण, हळद लावून मंद आचेवर तासभर, कुकरला घाई केली तर हाड मऊ आणि मांस धाग्यासारखं. रश्श्याला वाटण नेहमीचंच, वड्यांचं पीठ मात्र आधीच भिजवून ठेवा.

माद्या पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतील. कोंबडा नसला तरी अंडी देतात, त्यामुळे आरवण्याची कटकट नको असेल तर सगळे नर काढून टाकले तरी चालतं. पिल्लं काढायची असतील तरच एक नर मागे ठेवा, दहा माद्यांना एक पुरतो, आणि मादी खुडूक बसली की एकवीस दिवस तिला उठवू नका.