रात्री दुकान राखायचंय? मग या चुका टाळा

बियाण्यांचा हंगाम आला की माझा फोन दोन कामांसाठी वाजतो. मे संपता संपता, "भाऊ, चार कॅमेरे टाकून द्या." आणि जूनमध्ये, "भाऊ, कॅमेरे होते तरी दुकान फुटलं." यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात मी कॅमेरे नि अलार्म बसवतो. दुसऱ्या फोनवर जी चूक ऐकतो, ती बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच सांगून झालेली असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गल्ल्याजवळ ठेवणं. एक कृषी केंद्र होतं. चार कॅमेरे, चारही शटर नि काउंटरकडे. मागे नाला, तिकडून कोण येतं, असं मालकाचं म्हणणं. डीव्हीआर टीव्हीखाली उघड्या फळीवर. मी लोखंडी पेटी सुचवली, तर म्हणाले, "एवढ्याशा डब्याले पेटी काहून पाह्यजे?"

पेरणीच्या आठवड्यात चोर नाल्याकडूनच आले. टिनाचे बोल्ट पान्याने खोलले नि आत उतरले. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट 475 ग्रॅमचं, किंमत आठ-नऊशेच्या घरात. 100 पाकिटं भरली तर पोतं पन्नास किलोचंही होत नाही, आणि माल ऐंशी-नव्वद हजारांचा. सकाळी मी पोचलो तेव्हा फळीवरच्या धुळीत डीव्हीआरएवढा चौकोन तेवढा स्वच्छ होता. वायरी कापलेल्या नव्हत्या. चारही पिना हाताने फिरवून सोडवल्या होत्या. एवढी सवड होती त्यांना! कॅमेरे भिंतीवर शाबूत. हवालदाराने फुटेज मागितलं, तसं मालकाने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून मी डीव्हीआर जाळीच्या पेटीत, माळ्यावर, भिंतीत बोल्ट मारूनच बसवतो. पत्र्याची बंद पेटी नको, आपल्या उन्हात हार्डडिस्क भाजून निघते. मागे घर असेल तर सरळ घरात. पहिला कॅमेरा दुकानाच्या पाठीला, आणि एक तरी कॅमेरा स्वतःचं मेमरी कार्ड नि सिम असलेला. हे नको असेल तर दुसरा माणूस पाहा, असं मी तोंडावर सांगतो.

मुळात कॅमेरा पाहतो, अडवत नाही. अडवायला टिनाखाली गजांची जाळी लागते, शटरला सेंट्रल लॉक नि दोन्ही बाजूंची कुलपं लागतात. तिथे चोराचा वेळ गेला पाहिजे, तेवढ्यात सायरनने शेजारी उठला पाहिजे. कॅमेरा शेवटी. लोक मात्र कॅमेऱ्यापासूनच सुरू करतात, कारण जाळी मोबाइलवर दिसत नाही.

सायरनची तऱ्हा वेगळी. हालचाल टिपणारा सेन्सर अंगाची नि आजूबाजूची उष्णता यातला फरक ओळखतो. मे महिन्यात टिनाचं गोदाम रात्रीही अंगाएवढं तापलेलं असतं. फरकच उरला नाही तर तो ओळखणार काय? आणि हवा थंड झाली की मांजरालाही वाजतो. दोनदा झोपमोड झाली की मालक बटण बंद करतो, ते दिवाळीपर्यंत बंदच. मी शटरला नि मागच्या दाराला चुंबकाचा सेन्सर लावतो. स्वस्त आहे, त्याला ऊनही कळत नाही नि मांजरही. भोंगा बाहेर, उंचावर. सायरनसोबत आपोआप मोबाइलवर कॉल करणाऱ्या डब्यात पहिला नंबर शेजाऱ्याचा टाका. तुम्ही दुसऱ्या गावी राहता नि मध्यरात्री येऊन काय करणार? त्या डब्यातल्या सिमचा रिचार्ज संपतो, हे कोणाच्याच ध्यानात नसतं. म्हणून एक तारखेला शटर उघडून सायरन स्वतः वाजवून पाहा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. इन्व्हर्टरवर पंखा, टीव्ही सगळं असतं, डीव्हीआर नि राउटर नसतो. लाईन गेली की सगळं आंधळं. पासवर्ड 12345. कॅमेऱ्यासमोर कोळ्याचं जाळं, म्हणून रात्रभर पडदा पांढराफटक. गल्ला रिकामा असूनही कुलूपबंद. उघडा ठेवा बाप्पा, निदान फोडणार तरी नाही. आणि सहकुटुंब शेगावला निघालो, हे स्टेटस परत आल्यावर टाका.

चोरी झालीच तर आधी 112 लावा, वस्तूंना हात लावू नका आणि मूळ रेकॉर्डिंग जपा. चार कॅमेऱ्यांचं सलग रेकॉर्डिंग 1 टीबीच्या डिस्कवर साध्या सेटिंगला दहा-बारा दिवसच टिकतं, मग त्यावर नवीन चढत जातं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे; फुटेज कोर्टात द्यायचं तर त्याच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. तोवर इकडे टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तीन ग्रुपवर फिरलेला असतो, आणि चोराचा एखादा साळा त्यातल्या कुठल्यातरी ग्रुपवर असतोच.