ओकिनावात राहायला येताय? साप, पाल आणि रताळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

जपानच्या ओकिनावा बेटावर, ओन्ना गावात, आम्ही उसाच्या शेताला लागून भाड्याचं घर घेतलं, तेव्हा आईने फोनवर पहिलं विचारलं, "ऊस आहे म्हणजे साप आलेच. तिकडे मुंगूस तरी आहे का गं?"

आहे ना. आणि तीच या बेटाची सगळ्यांत गाजलेली चूक.

हाबू हा इथला विषारी साप. त्याचा आणि उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून 1910 साली शोझाबुरो वातासे या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी गंगेच्या मुखाकडची मुंगसं आणून इथे सोडली. साप-मुंगसाचं वैर आपल्याला शाळेपासून पाठ, त्यामुळे कुणालाही पटावं असंच ते. पण मुंगूस फिरतं दिवसा आणि हाबू निघतो रात्री. दोघांची गाठच पडेना. मुंगसांनी मग सरडे, पक्षी, कोंबड्या, जे सापडेल त्यावर ताव मारला. उत्तरेच्या यानबारू जंगलात कुइना नावाचा, उडता न येणारा पक्षी आहे. 1981 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, आणि त्याला वाचवायला आता मुंगसांसाठी सापळे आणि कुंपणं लावावी लागतात. अमामी ओशिमा बेटावर तर 1979 मध्ये, एवढा अनुभव गाठीशी असताना, पुन्हा तीसेक मुंगसं सोडली. ती वाढून दहा हजारांच्या घरात गेली असा अंदाज होता. शेवटचं मुंगूस संपल्याचं जाहीर व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. जपानीत त्याला 'मांगूसु' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आला, आणि इंग्रजीने तो उचलला आपल्या 'मुंगूस'वरून. मराठीचा झेंडा इथे असा लागलाय!

तर मुंगसाच्या भरवशावर राहू नका. मांजराच्याही नको.

अंधारात चपला सरकवून बाहेर पडणं

नवे लोक हमखास करतात ती चूक ही. मीही केली. पावसानंतरची उबदार रात्र, हातात ओल्या कचऱ्याची पिशवी, पायात स्लिपर, टॉर्च घरात. दारातून चार पावलं गेले तोच घरमालकीण आजींनी मागून असा आवाज दिला की पिशवी हातातून सुटली. त्या ऐंशीच्या पुढच्या, पण काठी घेतल्याशिवाय अंगणात उतरत नाहीत. आधी पुढचं गवत काठीने झोडपायचं, मग पाऊल टाकायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आमचा दगडी गडगा दाखवला. एकेका फटीत काठीचं टोक घालून म्हणाल्या, "इथे उंदीर येतो. मग त्याच्यामागे तो येतो." 'तो' म्हणजे कोण ते सांगावं लागलं नाही. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, हे आमच्या आजीकडून मी ऐकलं होतंच.

म्हणून आधी उंदरांकडे बघा. कोंबड्यांचं खाद्य, पडलेली फळं, उघडी कचऱ्याची बादली आवरा, गडग्याच्या फटी सिमेंटने बुजवा, गवत वाढू देऊ नका. घराशेजारी जुनी लाकडं, कुंड्या रचून ठेवू नका. बाहेर वाळत घातलेले बूट झटकून घाला.

साप दिसला तर काठी घेऊन मागे लागू नका. लांब व्हा, नजर ठेवा, महापालिका किंवा ग्रामपालिकेला नाहीतर पोलिसांना (110) कळवा. चावलाच तर धावू नका, जखमेवर ब्लेड चालवू नका, दोरीने करकचून आवळू नका. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, कारण सूज झपाट्याने चढते. 119 ला फोन करा. प्रतिविष आहे आणि आता माणूस सहसा दगावत नाही, पण उशीर झाला तर हातापायाचे स्नायू कुजतात.

बाकीची मंडळी

पालीला हाकलू नका. इथली पाल रात्री चक्क चुकचुकते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा तिने त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'सत्य आहे' म्हणून दुजोरा दिला. डास आणि झुरळं खाते, आणखी काय हवं?

मे-जूनच्या पावसाळ्यात संध्याकाळी पंखवाल्या वाळव्या दिव्यावर झेपावतात. फवारे मारत बसण्यापेक्षा तासभर दिवे बंद ठेवा. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला उघडा हात लावू नका. तिच्या अंगात मेंदूपर्यंत जाणारा जंत असू शकतो. बागेतली पालेभाजी पान-पान सुटं करून धुवा. आणि पोहताना हाबू-कुरागे ही जेलीफिश डसली तर वाळूने चोळू नका, भरपूर व्हिनेगर ओता.

बेटाबाहेर भाजी नेणं

ही चूक खास आपल्या लोकांची. सुट्टीला टोकियोला निघताना पिशवीत घरची रताळी आणि कढीपत्त्याचं रोप! दोन्ही चालत नाहीत. रताळ्यात सोंड्या किडा असतो, आणि कढीपत्त्यावर लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवणारी कीड राहते. इथले लोक याबाबतीत कडक आहेत, कारण काकडीवर्गातल्या भाज्या पोखरणारी फळमाशी त्यांनी वीसेक वर्षं खपून घालवली. हेलिकॉप्टरमधून अब्जावधी नपुंसक केलेल्या माश्या सोडल्या, तेव्हा कुठे 1993 मध्ये ती गेली आणि इथलं कारलं टोकियोच्या बाजारात पोचलं. 2024 मध्ये तिचीच एक बहीण, म्हणजे त्याच जातकुळीतली दुसरी फळमाशी, ओकिनावात सापडली. तेव्हापासून परसातल्या कारल्या-घोसाळ्यांचेही नियम बदलत असतात. निघण्याआधी नाहा विमानतळावरच्या वनस्पती तपासणी कक्षात विचारून घ्या.

टोकियोतली मैत्रीण कढीपत्त्यावरून अजून रुसलेली आहे. तिला मी जांभळ्या रताळ्याचे टार्ट नेते. शिजवलेलं चालतं.