मटणाच्या नळीतून हाड आणि अस्थिमज्जा कशी अभ्यासावी

शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा पांढरा, कोरडा आणि वजनाला हलका असतो. त्यामुळे हाड म्हणजे शरीराला उभे ठेवणारा एक निर्जीव आधार, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात पक्की होते आणि पुढे मोठेपणीही ती सहसा जात नाही. जिवंत शरीरातले हाड मात्र ओलसर व गुलाबीसर असते, त्याला रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात, आणि त्याच्या आतल्या मऊ गरात, म्हणजे अस्थिमज्जेत, रात्रंदिवस रक्तपेशी तयार होत असतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर खाटकाकडून आणलेले बोकडाचे एक हाड पुरेसे आहे, कारण बोकड आणि माणूस दोघेही सस्तन प्राणी असल्यामुळे दोघांच्या लांब हाडांची मूळ रचना सारखीच आहे. पुढील पद्धत पालक, शिक्षक आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली काम करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. शाळेत हा अभ्यास घ्यायचा असेल तर पालकांची संमती आधी घ्यावी, आणि ज्या विद्यार्थ्याला मांस हाताळायचे नसेल त्याच्यावर सक्ती करू नये.

हाड कोणते आणि कसे आणावे

सर्वांत उपयुक्त हाड मांडीचे. ते अखंड हवे, म्हणजे वरचा गोल चेंडूसारखा भाग आणि खालचा गुडघ्याचा भाग असे दोन्ही सांधे शाबूत असले पाहिजेत. दुकानात मांडीचे मटण नेहमी तुकडे करूनच दिले जाते, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि रविवारची सकाळ टाळावी. त्या गर्दीत कोणालाही असे काम जमत नाही. वर्षभराच्या आतबाहेरच्या कोवळ्या बोकडाचे हाड मागावे, कारण हाड लांबीने कसे वाढते हे त्याच्यातच दिसते. त्याबरोबर पाठीच्या कण्याचा एक आडवा कापलेला तुकडा, एखादी बरगडी आणि कोंबडीच्या तंगडीची दोन-तीन हाडे घ्यावीत.

मांडीचे हाड उभे चिरणे हा या कामातला अवघड भाग आहे. सत्तूरने ते फुटते, कापले जात नाही, आणि हाडाच्या कपच्या मज्जेत घुसतात. ज्या दुकानात यांत्रिक करवत आहे तेथून ते लांबीच्या दिशेने मधोमध कापून आणणे सर्वांत चांगले. घरीच कापायचे असेल तर हाड दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे आतली चरबी घट्ट होते आणि मज्जा करवतीबरोबर ओढली जात नाही. नंतर ते पकडीत घट्ट आवळून लोखंड कापायच्या बारीक दात्यांच्या करवतीने मोठ्या माणसाने सावकाश कापावे. डोळ्यांवर चष्मा असावा.

हातमोजे घालणे ऐच्छिक समजू नये. शेळ्यामेंढ्यांपासून माणसाला ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात आणि बोटावरची छोटी जखमही जंतूंना पुरते. हाताला जखम असेल तर त्या दिवशी हे काम करू नये. वापरलेले ताट, चिमटा आणि करवत साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, आणि अभ्यासासाठी हाताळलेले हाड नंतर स्वयंपाकात वापरू नये.

बाहेरून पाहताना

चिरण्यापूर्वी हाड बाहेरून नीट पाहावे. मधल्या दांड्यावर चिकटलेले मांस खरवडल्यावर एक पातळ पण चिवट पापुद्रा लागतो. चिमट्याने एक कडा सोडवली की तो पट्टीसारखा निघतो. हे पर्यस्थी नावाचे आवरण. हाड मोडल्यावर होणाऱ्या तीव्र वेदनेचा मोठा भाग याच आवरणातल्या चेतातंतूंमुळे असतो, आणि मोडलेले हाड जुळताना नवे हाड घालणाऱ्या पेशीही बऱ्याच अंशी येथूनच येतात. पापुद्रा काढल्यावर दांड्यावर एक तिरपे छिद्र शोधावे. त्यात बारीक तार घातली तर ती आत सरकते. या वाटेने मुख्य रक्तवाहिनी हाडात शिरते. विद्यार्थ्यांना हे छिद्र स्वतः शोधू द्यावे, कारण ज्याच्या आत रक्त जाते ती वस्तू निर्जीव असू शकत नाही, हे त्यांना तारेच्या टोकाशीच पटते.

दोन्ही टोकांवर निळसर झाक असलेला पांढरा, गुळगुळीत थर दिसतो. ही कूर्चा. तिच्यावर बोट फिरवल्यास जो बुळबुळीतपणा जाणवतो तो सांध्यातल्या वंगणद्रवाचा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच माणसाच्या गुडघ्यातली झिजलेली कूर्चा सहजासहजी भरून येत नाही.

चिरलेल्या हाडात काय शोधावे

आता उभा छेद उजेडात ठेवून भिंगातून पाहावा. दांड्याच्या मध्यभागी हाडाची भिंत जाड आणि घट्ट असते, तर टोकांकडे ती पातळ होत जाऊन आत बारीक जाळी दिसू लागते. या जाळीतल्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या नसतात. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने त्यांच्या ओळी लागलेल्या असतात. हाडावर पडणाऱ्या भाराप्रमाणे हाडाची रचना बदलत जाते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची आणि अवकाशात महिनोनमहिने राहणाऱ्या अंतराळवीरांची हाडे विरळ होतात ती याच कारणाने.

टोकापासून थोडे आत कूर्चेची एक नागमोडी पट्टी आडवी गेलेली दिसेल. हाडाची लांबी येथे वाढते. माणसात किशोरवयाच्या शेवटाकडे ही पट्टी हाडात रूपांतरित होते आणि उंची वाढणे थांबते. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून मुलाचे वय अजमावताना डॉक्टर याच पट्ट्या पाहतात.

त्यानंतर मज्जा. तिचा रंग सगळीकडे सारखा नसतो, हे या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे आणि त्यासाठी घाई करू नये. दांड्याच्या पोकळीतली मज्जा पिवळसर पांढरी, फार तर गुलाबी असते. टोकांच्या जाळीतली मज्जा लालसर असते. आणि बरगडी किंवा मणक्याचा तुकडा शेजारी ठेवला तर त्यातली मज्जा आणखी गडद लाल दिसते. दांड्यातल्या मज्जेचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग कागदावर घासावा, तेथे तेलकट पारदर्शक डाग पडतो. मणक्यातल्या मज्जेचा डाग मुख्यतः लाल येतो. पिवळी मज्जा प्रामुख्याने चरबीची असते, तर लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात.

माणसाच्या नवजात बाळात जवळजवळ सर्व हाडांत लाल मज्जा असते. वय वाढते तशी हातापायांच्या टोकांपासून धडाकडे तिची जागा पिवळी मज्जा घेत येते, आणि पंचविशीच्या सुमारास लाल मज्जा मुख्यतः कवटी, मणके, बरगड्या, छातीचे मधले हाड, कमरेचे हाड आणि मांडी व दंडाच्या हाडांची वरची टोके एवढ्यांतच उरते. तेवढ्यातूनही दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बाहेर पडतात, कारण प्रत्येक तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते आणि तिची जागा भरावीच लागते. दीर्घकाळ रक्त कमी पडत राहिले तर पिवळी मज्जा पुन्हा लाल होऊ शकते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांवर योग्य उपचार झाले नाहीत तर मज्जा इतकी फुगते की चेहऱ्याच्या हाडांचा आकार बदलतो. पिवळ्या मज्जेतली चरबी हा शरीराचा अगदी शेवटचा साठा असतो. म्हणून मेलेले हरीण उपासमारीने मेले का, हे ठरवताना वन्यजीव अभ्यासक त्याच्या मांडीचे हाड फोडून मज्जा घट्ट व पांढरी आहे की लाल व पातळ खळीसारखी झाली आहे, हे पाहतात.

रक्त हाडात तयार होते ही गोष्ट वैद्यकाला कळून फार काळ लोटलेला नाही. १८६८ मध्ये प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे एर्न्स्ट नॉयमान यांनी माणसाच्या आणि सशाच्या हाडांतून मज्जेचा रस पिळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात केंद्रक असलेल्या, घडत असलेल्या तांबड्या पेशी त्यांना आढळल्या. त्याच वर्षी इटलीत जुलिओ बित्सोझेरो स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. शाळेत ४०० पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक असेल तर बरगडीतल्या लाल मज्जेचा कण मिठाच्या सौम्य पाण्याच्या थेंबात दाबून पाहावा. चरबीचे चमकदार गोल थेंब आणि असंख्य बारीक पेशी दिसतात. बोकडाच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींच्या निम्म्याच आकाराच्या असल्यामुळे त्या स्पष्ट दिसल्या नाहीत तर निराश होऊ नये.

मणक्याचा तुकडा स्वतंत्रपणे पाहावा

या तुकड्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. आडव्या छेदात पुढच्या बाजूला मणक्याचे भरीव हाड आणि त्याच्या जाळीत लाल मज्जा दिसते; मागे हाडाच्या कड्यातून एक पांढरी, मऊ दोरी गेलेली दिसते. ती दोरी म्हणजे मज्जारज्जू, मेंदूकडून शरीराकडे संदेश नेणारा चेतासंस्थेचा भाग. अस्थिमज्जेशी तिचा काहीही संबंध नाही. दोन्ही एकाच तुकड्यात शेजारी असूनही दोहोंमध्ये हाडाची भिंत आहे, हे प्रत्येकाने बोट ठेवून पाहावे. रक्ताच्या काही गंभीर आजारांत निरोगी माणसाची अस्थिमज्जा रुग्णाला देतात. ती दिल्याने पाय लुळे पडतात, या भीतीपोटी सख्ख्या भावाबहिणीसाठीही मज्जा द्यायला माणसे कचरतात, आणि ती भीती या दोन गोष्टींच्या गल्लतीतून आलेली असते.

दात्याची मज्जा पाठीच्या कण्यातून काढत नाहीत. ती कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून, भूल देऊन, सुईने काढतात, आणि काही आठवड्यांत शरीर ती भरून काढते. आता तर बहुतेक दात्यांना काही दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतल्या, रक्तपेशी घडवणाऱ्या मूळपेशी रक्तात आणल्या जातात आणि दंडातल्या शिरेतून यंत्राद्वारे वेगळ्या केल्या जातात. सख्ख्या भावंडाशी ऊतींचा प्रकार पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच अनोळखी दात्यांच्या नोंदणीला एवढे महत्त्व आहे. भारतात अस्थिमज्जेचे पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले.

कोंबडी आणि मासळी

कोंबडीची हाडे बोकडाच्या मानाने पातळ भिंतीची असतात. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांतच विकली जाते, त्यामुळे तिच्या हाडांची टोके अजून कूर्चेचीच असतात, आणि शिजवल्यावर हाडालगत दिसणारा काळपट लाल रंग हा कच्चेपणाचा पुरावा नसून कोवळ्या हाडातून झिरपलेल्या मज्जेचा असतो. पूर्ण वाढलेल्या गावठी कोंबडीच्या पंखाचे वरचे हाड फोडल्यास ते आतून पोकळ आढळते, कारण श्वसनाच्या हवापिशव्यांचा विस्तार त्यात शिरलेला असतो. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या मांडीच्या हाडात याउलट बारीक हाडकांचे जाळे भरलेले सापडते. कवचासाठी लागणारे कॅल्शियम ती तेथे साठवते आणि तेथूनच काढते.

माशांच्या हाडांत मज्जाच नसते. सुरमई साफ करताना पोटातून कण्याच्या खाली चिकटलेली जी गडद लाल पट्टी खरवडून काढावी लागते, ती माशाची वृक्के. माशांचे रक्त मुख्यतः या वृक्कांच्या पुढच्या भागात तयार होते. मासळी घरी येते त्या दिवशी हे आवर्जून पाहावे.

हाड मऊ आणि ठिसूळ करून पाहणे

कोंबडीच्या तंगडीचे एक स्वच्छ हाड काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि एक-दोन दिवसांनी व्हिनेगर बदलत राहावे. आठवड्याभरात ते वाकू लागते. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळवले आणि कोलॅजन हे प्रथिन तेवढे मागे राहिले. दुसरे हाड मोकळ्या जागेत शेगडीच्या निखाऱ्यावर चिमट्याने धरून भाजावे. आधी ते काळे पडते, मग पांढरे होते आणि थोड्या दाबाने तुटते, कारण आता प्रथिन जळून क्षारच उरले आहेत. वजनाने हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग क्षारांचा असतो. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मुडदूस झालेल्या मुलांचे पाय का वाकतात, हे पहिल्या हाडावरून समजावून सांगता येते.

हाड मोडलेल्या माणसाला पायाचे सूप देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. ते थंड झाल्यावर जे थिजते ते शिजून जिलेटिन झालेले कोलॅजन; क्षार मात्र साध्या पाण्यात फारसे उतरत नाहीत. सूप अवश्य द्यावे, त्याने तोंडाला चव येते आणि प्रथिनेही मिळतात. कॅल्शियमसाठी मात्र दूध आणि नाचणीवर भिस्त ठेवावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

हाड जपून ठेवायचे असल्यास

चिरलेले हाड शाळेच्या संग्रहात ठेवायचे असेल तर मज्जा चमच्याने पूर्ण काढून ते मंद आचेवर, उकळी न आणता, गरम पाण्यात ठेवावे, म्हणजे उरलेले मांस सुटते. नंतर भांडी धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात ते काही दिवस बुडवावे आणि पाणी गढूळ झाले की बदलावे. ही पायरी गाळल्यास आतली चरबी महिन्याभराने बाहेर येऊन हाड पिवळे पडते आणि त्याला वास मारतो. शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ते एक दिवस ठेवून, धुऊन सावलीत वाळवावे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच वापरू नये, त्याने हाड भुसभुशीत होते. काढलेली मज्जा व मांस कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावे, आणि वाळलेल्या हाडाला प्राण्याचे नाव, अंदाजे वय व तारीख लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधावी.