भंडाऱ्याच्या रंगाचा जनरेटर: घरच्या घरी कसा रंगवावा

यात्रेच्या रात्री देवळामागच्या मोकळ्या रानात सात-आठ जनरेटर धडधडत असतात. रसवंतीचा, आइस्क्रीमवाल्याचा, खेळण्यांच्या दुकानाचा, आमच्या मांडवाचा. बहुतेक कंपनीतून आले तसेच, लाल नाहीतर निळे. पहाटे आवराआवर सुरू झाली की 'हा आमचा का तुमचा' यावरून हमखास बाचाबाची. आमचा मात्र लांबून ओळखू येतो: पिवळाधमक, जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा. दर दोन-तीन वर्षांनी खंडेनवमीच्या आधी आम्ही तो पुन्हा रंगवतो.

आधी रंग ठरवा, आणि घाई करू नका. पोळ्याला ज्या घरात शिंगांच्या रंगावरून भाऊ-भाऊ भांडतात, तिथं मशीनचा रंग सहज ठरत नाही. बरेचजण ट्रॅक्टरचाच रंग जनरेटरला देतात. हिरव्या ट्रॅक्टरवाल्याचा जनरेटर हिरवा, लाल ट्रॅक्टरवाल्याचा लाल. दुकानात ट्रॅक्टरचं नाव सांगितलं तर त्या छटेचा डबा बऱ्याचदा तयारच मिळतो. कुणी आपल्या झेंड्याचा रंग लावतो. ज्यानं त्यानं आपलं पाहावं, पण भाड्यानं देणाऱ्यानं झेंडा टाळावा असं माझं मत. जयंतीला, उरसाला, गणपतीला, लग्नाला आपलं एकच मशीन जातं. शिवाय रात्री वरातीच्या मागं हातगाडीवर जनरेटर ढकलताना मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसला पाहिजे. काळा रंग म्हणून नको. फिक्या रंगावर तेलाची गळतीही लगेच कळते.

रंगाला हात लावण्याआधी मशीन पूर्ण गार होऊ द्या. कॉक बंद करा, पेट्रोल कॅनमध्ये काढा, प्लगची कॅप उपसून ठेवा. टाकी, बाजूची झाकणं आणि दोरीच्या स्टार्टरचं कव्हर सोडवा. सोडवताना मोबाइलवर फोटो काढत जा, नट-बोल्ट एका डब्यात टाका. तेलकट मळ रॉकेल किंवा डिझेलनं निघतो, पण त्यावर तसाच रंग बसत नाही. कपड्याच्या साबणानं धुऊन उन्हात कडक वाळवा. रंगाची पापडी सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, राहिलेलं तेल.

मग घासणं. गंज तारेच्या ब्रशनं चमकता पत्रा दिसेपर्यंत काढा. बाकीचा जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही. 180 नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग 320 नं त्याची चकाकी मारली की पुरे. टाकीला मात्र ग्राइंडर लावू नका. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, एक ठिणगी पुरते. पोचे आले असतील तर लांबी (पुट्टी) भरून घासून घ्या. उघड्या लोखंडी पत्र्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्रायमरचा, एक पातळ हात द्या आणि रात्रभर सुकू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कुठं रंग लावायचा नाही ते. एका वर्षी मी उत्साहाच्या भरात टाकीचं झाकणही दोन हात मारून चकचकीत केलं. त्या झाकणाला बारीक भोक असतं, टाकीत हवा जायला. ते बुजलं. वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि मशीन घुटमळून बंद पडलं. दोरी ओढून ओढून खांदा गेला. शेवटी वडिलांनी झाकण फिरवलं, फुस्स आवाज आला आणि पहिल्याच ओढीला मशीन चालू. तेव्हापासून झाकण आमच्याकडं कंपनीच्याच रंगाचं आहे.

डायनामोच्या जाळ्या, सिलिंडरच्या पाकळ्या, सॉकेट, स्विच, तेलाची कांडी आणि माहितीची पट्टी मास्किंग टेप व कागदानं झाका. अर्थिंगचा बोल्टही झाका. रंगाच्या थरावर वायर आवळली तर अर्थिंग नावापुरतंच उरतं. सायलेन्सरला साधा ऑइल पेंट लावला तर पहिल्याच तासात जळून वास सुटतो. त्याला उष्णता सोसणारा चंदेरी रंग वेगळा मिळतो, नाहीतर तो तसाच सोडा.

रंगाचा प्रकार टाकीसाठी पाहायचा. साधा ऑइल पेंट स्वस्त, पण पेट्रोल सांडलं की मऊ पडतो आणि झाकणाभोवती ओघळ उमटतात. हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकतो, पण त्याची वाफ छातीला वाईट. तो गॅरेजवाल्याकडून कॉम्प्रेसरवर मारून घ्या. आम्ही टाकी तेवढी गॅरेजला देतो, बाकीचं अंगणात. एक सांभाळा: जुन्या ऑइल पेंटवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारू नका. त्याच्या थिनरनं खालचा थर सुरकुततो, आणि मग सगळं खरवडत बसावं लागतं.

स्प्रेचा डबा असेल तर दिवस कोरडा बघा, अंगणात पाण्याचा सडा मारा म्हणजे धूळ बसते, नाकाला मास्क लावा. डबा वीतभर लांब धरून हात सतत हलता ठेवा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिला हात अर्धवट, ठिपकेदारच दिसतो, दिसू द्या. जोडणी दुसऱ्या दिवशी करा आणि ऑइल पेंट असेल तर आठवडाभर त्यावर दोरखंड आवळू नका.

नाव मात्र पेंटरकडूनच. रेडियमचं स्टिकर लवकर होतं, पण टाकीच्या गोलाईवर त्याच्या कडा सुटतात. आमच्या टाकीवर काळ्या अक्षरांत 'आई-वडिलांची कृपा', खाली गावाचं नाव.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मशीन उघड्यावर ठेवा, छपरीत नाही. नवा रंग थोडा वेळ वास मारतो, आणि धुरातल्या विषारी वायूला तर स्वतःचा वासच नसतो, तो कळत नाही. खंडेनवमीला हळद-कुंकू टाकीला लावा, झेंडूची माळ हँडलला बांधा आणि दोरी ओढण्याआधी काढून ठेवा.