तायक्वांदोची मूल्ये शिकायची कुठे? नव्या विद्यार्थ्यांसाठी

तायक्वांदो या कोरियन युद्धकलेच्या वर्गात नाव घालणाऱ्या बहुतेकांना लाथा शिकायच्या असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या पद्धतीने शिकणाऱ्याला त्यासोबत पाच मूल्येही पाठ करावी लागतात: सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती. तायक्वांदोचा कधीही गैरवापर करणार नाही, अशी शपथही असते. पुण्यात शिकताना मी ती वर्गासोबत मोठ्याने म्हणत असे. पण ही मूल्ये खऱ्या अर्थाने उलगडली ती शपथेतून नव्हे, तर ‘तूल’च्या, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या, अभ्यासातून. नव्या विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. ही कला दोन हजार वर्षे जुनी असून प्राचीन कोरियातील सिल्ला राज्यातल्या ‘हवारांग’ या तरुण योद्ध्यांकडून जशीच्या तशी आली, असे अनेक वर्गांत सांगितले जाते. वोनग्वांग या भिक्षूने सिल्लातल्या तरुणांना सांगितलेले पाच नियम, म्हणजे राजनिष्ठा, मातृपितृभक्ती, मित्रांमधील विश्वास, रणातून माघार न घेणे आणि अविचाराने जीव न घेणे, हे प्राचीन आहेत यात शंका नाही. आजचा तायक्वांदो मात्र विसाव्या शतकात घडला. जपानमध्ये कराटे शिकलेले लष्करी अधिकारी चोई होंग ही यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये हे नाव ठरले आणि १९६६ मध्ये सोल येथे आयटीएफची स्थापना झाली. कोरियावरील जपानी राजवटीचा काळ पाहिलेल्या पिढीने ही मूल्ये निवडली, हे ध्यानात ठेवले की त्यांचा रोख कळू लागतो.

चोई यांच्या पद्धतीत चोवीस तूल आहेत. अनंत काळाच्या तुलनेत माणसाचे आयुष्य एका दिवसाएवढे, म्हणून दिवसाच्या तासांइतके. त्यांपैकी बहुतेकांना कोरियन इतिहासातील व्यक्तींची नावे आहेत. दो-सान हा तूल शिक्षण आणि स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या आन चांग-हो यांच्या नावाचा आहे, तर छुंग-मू हा नौसेनापती यी सुन-शिन यांच्या नावाचा. त्याचा शेवट डाव्या हाताच्या प्रहाराने होतो आणि तो त्यांच्या अकाली मृत्यूचे प्रतीक मानला जातो. बेल्टच्या परीक्षेत तोंडी प्रश्न बहुधा यावरच येतात.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो निळ्या पट्ट्याच्या टप्प्यावर येणाऱ्या जूंग-गून या तूलने. कोरियन स्वातंत्र्यसैनिक आन जुंग-गून यांनी १९०९ मध्ये चीनमधील हार्बिन रेल्वे स्थानकावर जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या आणि १९१० मध्ये लुशुनच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. कोरियन वयगणनेनुसार ते तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, म्हणून या तूलमध्ये हालचालीही बत्तीस. एकीकडे आत्मसंयमाची शपथ आणि दुसरीकडे राजकीय हत्या करणाऱ्याला मानवंदना, ही विसंगती टोचल्याशिवाय राहत नाही. परंतु रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकरांच्या शहरात वाढलेल्याला ती अनोळखी वाटू नये. त्याच शपथेत स्वातंत्र्य आणि न्याय यांचा पाईक होण्याचे वचनही आहे, आणि या दोन वचनांतील ताण तूलने सोडवलेला नाही. तो सुटला आहे असे भासवणाऱ्या सरांपेक्षा त्यावर वर्गात चर्चा होऊ देणारे सर अधिक चांगले शिकवतात.

संयमाचा सराव जोडीदारासोबतच होतो. ठरावीक पावलांच्या जोडीसरावात ठोसा पूर्ण वेगाने टाकून समोरच्याच्या शरीराला लागण्याआधी थांबवावा लागतो आणि तो थांबला नाही, तर सौजन्याच्या सगळ्या गप्पा तिथेच संपतात. लहानखुऱ्या जोडीदारासोबत हा सराव मुद्दाम मागून घ्यावा.

राजकारणाचा स्पर्श या मूल्यांनाही झाला आहे. चोई १९७२ मध्ये कॅनडात गेले, पुढे त्यांचे उत्तर कोरियाशी संबंध वाढले, आणि कोरियन राष्ट्रवादी नेते चो मान-शिक यांच्या नावाचा को-दांग हा तूल काढून त्यांनी त्याजागी उत्तर कोरियाच्या अधिकृत विचारसरणीच्या नावाचा ‘जुचे’ आणला. काही शाखांनी आजही को-दांगच ठेवला आहे. हा तूल काळ्या पट्ट्यानंतरचा असला, तरी आपली शाखा यांपैकी कोणता शिकवते आणि का, हे प्रवेश घेतानाच सरांना विचारावे. उत्तरावरून त्या वर्गात इतिहास किती गांभीर्याने घेतला जातो, ते समजते.