पुस्तकाच्या स्टँडची पुढची पट्टी बुटकीच हवी

१२ मिमी प्लायचा ३० सेंमी उंच, २५ सेंमी रुंद तुकडा पाठीला पुरतो. ए-फोर कागद उभा मावतो. पाठीच्या खालच्या कडेला ४ सेंमी रुंदीची फळी फेविकॉल लावून खालून स्क्रूने आवळा. आधी बारीक ड्रिलने भोक पाडाच. स्क्रू थेट ठोकलात तर प्लायचे थर उकलतात.

फळीच्या पुढे पुस्तक अडवणारी पट्टी लागते, ती जेमतेम १ सेंमी ठेवा. मी हौसेने अडीच सेंमीची लावली होती. दर पान उलटताना कोपरा अडकायचा, शेवटी करवतीने कापली. मागचा पाय बिजागरीवर, आणि तो फाकू नये म्हणून मध्ये सुतळी. तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा, जाड शब्दकोशही घसरत नाही.